अंधेरीतील दुसरे घर

जून-जुलैच्या पावसाळी पहाटे पश्चिम द्रुतगती महामार्गावर अंधेरीच्या थांब्याशी कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडून रात्रभर धावलेल्या बसगाड्या येऊन उभ्या राहतात. उतरणाऱ्यांत एक जोडी हटकून दिसते. पुढे छत्री सावरीत चाललेले वडील आणि मागे दोन्ही हातांत सामान घेतलेला, अठरा वर्षांचा, अर्धवट झोपेतला मुलगा. वडिलांनी दुकान दोन दिवसांसाठी धाकट्या भावाच्या हवाली केलेले असते आणि त्यांचे अर्धे चित्त तिकडेच असते. मुलाच्या पिशवीत खाखऱ्यांचा डबा, कडक भाकरी, लसणाविना केलेली शेंगांची चटणी आणि आईने चार वेळा बजावून दिलेली औषधाची पुडी असते. इंजिनियरिंगच्या किंवा वाणिज्याच्या प्रवेशाचा कागद वडिलांच्या आतल्या खिशात असतो. शिकण्याची सोय झालेली असते; राहावयाचे कोठे, हा प्रश्न त्या सकाळी सुटावयाचा असतो.

रिक्षा पूर्वेकडून पश्चिमेकडे निघते. पाऊस जोराचा असेल तर अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जातो, म्हणून रिक्षावाला गोपाळ कृष्ण गोखले पुलाची वाट धरतो. या पुलाची कथा अंधेरीकर अद्याप विसरलेले नाहीत. 3 जुलै 2018 रोजी त्याच्या पदपथाचा भाग रेल्वेमार्गावर कोसळला. 2022 च्या नोव्हेंबरात पूल वाहतुकीस बंद झाला. 2024 च्या फेब्रुवारीत नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा उंच असल्याचे सर्वांच्या ध्यानी आले. दोन्ही पूल समोरासमोर उभे, पण एकावरून दुसऱ्यावर जाता येईना. अखेर जुना उड्डाणपूल जॅक लावून उचलण्यात आला आणि त्याच वर्षीच्या जुलैत दोहोंचा सांधा जुळला. आज रिक्षा या सांध्यावरून निमिषार्धात जाते आणि बर्फीवाला मार्गावर, म्हणजे जुन्या लोकांच्या जुहू गल्लीत, उतरते.

याच परिसरात श्री महावीर जैन विद्यालयाचे अंधेरीतील वसतिगृह आहे. नाव विद्यालयाचे, कार्य मात्र महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना आसरा देण्याचे. बाहेरगावच्या अनेक जैन कुटुंबांत हा पत्ता काकांच्या किंवा मामांच्या तोंडून पुढच्या पिढीस कळत आलेला आहे.

विद्यार्थ्यांचे उपनगर

अंधेरी आज चित्रपटांचे स्टुडिओ, औद्योगिक वसाहती आणि मेट्रोची वर्दळ यांसाठी ओळखली जाते. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा ही मुंबईची पहिली मेट्रो 8 जून 2014 रोजी धावू लागली, तेव्हापासून तर घाटकोपरचा व्यापारी आणि वर्सोव्याचा रहिवासी जणू एकाच वाड्याच्या दोन टोकांस राहू लागले. परंतु या गजबजाटाआड आणखी एक अंधेरी आहे, ती विद्यार्थ्यांची.

गिल्बर्ट टेकडीचा काळा पाषाणस्तंभ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, दोनशे फूट उंच, इमारतींच्या गर्दीतून आजही डोके वर काढून आहे. त्याच्या जवळच मुन्शीनगर येथे भारतीय विद्या भवनाचा परिसर आहे. कन्हैयालाल मुन्शींनी 1938 साली स्थापिलेल्या या संस्थेचे महाविद्यालय 1946 साली येथे सुरू झाले. 1962 साली त्याच आवारात सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. शेजारच्या विलेपार्ल्यात 1959 साली पार्ले महाविद्यालय, 1961 साली मिठीबाई, 1964 साली नरसी मोनजी आणि 1994 साली द्वारकादास संघवी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. सांताक्रूझ-जुहू येथे महर्षी कर्वे यांनी 1916 साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. एवढ्या विद्यामंदिरांच्या मधोमध असलेले अंधेरी स्थानक सकाळी सात वाजता पाहावे. कचेरीत जाणाऱ्यांचा लोंढा अजून यावयाचा असतो आणि फलाटांवर पाठीस पिशव्या लावलेली तरुण मुलेमुलीच अधिक दिसतात.

मुंबईची मुले संध्याकाळी घरी जातात. बाहेरगावचा विद्यार्थी कोठे जातो, यावर त्याच्या पुढील तीन-चार वर्षांचेच नव्हे, तर पुष्कळदा साऱ्या आयुष्याचे वळण ठरते.

सागरापलीकडील बंधुसंघ

अमेरिकेतील विद्यापीठांत या प्रश्नास एक निराळे उत्तर मिळाले. आपली मुले आता तिकडे शिकावयास जातात, तेव्हा ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थ्यांची घरे त्यांना दिसतात. मुलांच्या संघास तेथे फ्रॅटर्निटी म्हणतात, मुलींच्या संघास सोरॉरिटी. एकाचा अर्थ बंधुत्व, दुसऱ्याचा भगिनीभाव. या परंपरेचा आरंभ 5 डिसेंबर 1776 रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपा या मंडळाने झाला, असे मानतात. मुलींचे मंडळ 1851 साली जॉर्जियातील मॅकॉन येथील वेस्लियन महाविद्यालयात निघाले. पुढे अशी मंडळे शेकड्यांनी वाढली. सभासद एका घरात राहतात, एकत्र जेवतात, आणि पदवीनंतरही नोकरीधंद्यात एकमेकांना हात देतात.

या बंधुत्वाची दुसरी बाजूही आहे. संघात कोणास घ्यावे हे जुने सभासद ठरवितात. त्यामुळे ज्यास घेतले नाही, तो त्याच परिसरात राहून परका ठरतो. कित्येक दशके कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस बहुतेक संघांची दारे बंद होती. म्हणून त्यांनी 1906 साली कॉर्नेल विद्यापीठात आल्फा फाय आल्फा हा आपला संघ काढला आणि 1908 साली हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी आल्फा कॅपा आल्फा स्थापिला. नवागताची परीक्षा म्हणून त्याचा छळ करण्याची दुष्ट चालही या संघांस चिकटली आणि तीत प्राणहानीही झाली. आपल्याकडे या प्रकारास रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्राने 1999 साली त्याविरुद्ध कायदा केला आणि 2009 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व देशासाठी नियम केले.

बंधुत्व हे दुधारी असते, हे ध्यानी घेऊन जुहू गल्लीतील वसतिगृहाकडे पाहिले पाहिजे.

दोन दाते, एक चिंता

जैन समाजात शिक्षणाच्या वसतिगृहांची, त्या काळच्या भाषेत बोर्डिंगांची, कल्पना रुजली ती सव्वाशे वर्षांपूर्वी. सुरतेहून मुंबईस येऊन मोत्यांच्या व्यापारात मोठे झालेले दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (1851-1914) यांनी ओळखले की, आपली मुले शिक्षणात मागे राहतात त्याचे कारण बुद्धीची उणीव हे नव्हे. शहरात त्यांना शुद्ध आहार आणि निवारा मिळत नाही, हे आहे. त्यांनी मुंबईत आपल्या पित्याच्या नावे हिराचंद गुमानजी बोर्डिंग काढले आणि अहमदाबाद, कोल्हापूर, सोलापूर, हुबळी अशा ठिकाणच्या बोर्डिंगांस उदार हस्ते साहाय्य केले.

श्वेतांबर समाजात हेच कार्य आचार्य विजयवल्लभसूरी (1870-1954) यांच्या प्रेरणेने झाले. साधूने मंदिरांबरोबर आधुनिक शिक्षणाचाही पुरस्कार करावा, हे त्या काळी सर्वांस रुचणारे नव्हते. तरी त्यांच्या उपदेशाने 1915 साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले आणि मोतीचंद गिरधरलाल कापडिया या विद्वान सॉलिसिटरांनी त्याची धुरा दीर्घकाळ वाहिली. गोवालिया टँक येथील मूळ वास्तूनंतर अंधेरी, पुणे, अहमदाबाद, वडोदरा असा त्याचा विस्तार झाला. पुढे याच संस्थेने मुनी पुण्यविजयजी आणि मुनी जंबूविजयजी यांनी संपादिलेल्या आगमांच्या चिकित्सक आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. विद्यार्थ्यांच्या निवाऱ्यासाठी जन्मलेल्या संस्थेने विद्वानांसही उपयोगी पडावे, ही गोष्ट लहान नव्हे.

मुलींसाठी वाट अधिक बिकट होती. शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाई यांना अल्पवयात वैधव्य आले. पित्याने त्यांना शिकविले आणि त्यांनी आपल्यासारख्या स्त्रियांसाठी श्राविकाश्रम उभारला. विधवा, परित्यक्ता, अनाथ मुली तेथे एकत्र राहून शिकल्या आणि शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. सोलापुरात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी हीच परंपरा मोठी केली. इतर संघांत तरुणी मैत्रीसाठी एकत्र येत. येथे त्या आधी जगण्यासाठी एकत्र आल्या आणि मैत्री मागाहून झाली. आज अंधेरी-विलेपार्ल्यात शिकावयास येणाऱ्या जैन मुलींच्या आयांस कदाचित मगनबाईंचे नाव ठाऊक नसेल, परंतु मुलीस एकटीने शहरात धाडण्याचे धैर्य समाजात ज्यांनी निर्माण केले, त्यांत त्या अग्रणी होत्या.

सूर्यास्ताआधीची पंगत

जैन वसतिगृहाचे खरे स्वरूप पाहावयाचे तर संध्याकाळी पाहावे. जुलैत मुंबईचा सूर्य सव्वासातनंतर मावळतो. डिसेंबराच्या आरंभी तो सहालाच क्षितिजाखाली जातो. प्रयोगशाळेतील तास साडेपाचला सुटला की चौविहार पाळणारा विद्यार्थी अक्षरशः पळत निघतो. सिग्नलला अडकलेल्या रिक्षातून आकाशाचा रंग न्याहाळणारा मुलगा कोणा अंधेरीकराने पाहिला असेल, तर त्याची घाई कशासाठी हे त्यास कळले नसेल. अशा वेळी आधी पोहोचलेला मित्र त्याचे ताट वाढून ठेवतो. चार वर्षांत हे किती वेळा घडते, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

सर्वच मुले इतक्या काटेकोरपणे नियम पाळतात असे नाही. कोणी घरी पाळीत असे आणि येथे सोडतो. कोणी घरी कधी पाळले नाही, तो येथे मित्राच्या संगतीने धरतो. कंदमुळे वर्ज्य केलेला स्वयंपाक मात्र सर्वांसाठी एकच असतो. बटाट्याविना केलेली पावभाजी, कच्च्या केळ्यांचे वडे, उकळून गार केलेले पाणी, यांवर पहिल्या वर्षी कुरकुर होते. चौथ्या वर्षी त्याच मुलांस त्याच चवीची आठवण निरोपाच्या दिवशी व्याकूळ करते.

पर्युषणाचे दिवस पुष्कळदा चाचणी परीक्षांच्या ऐन धामधुमीत येतात. कोणी विद्यार्थी अठ्ठाईचा संकल्प करतो. आठ दिवसांच्या उपवासात पाचव्या-सहाव्या दिवशी पायऱ्या चढणे कठीण होते. तेव्हा त्याची पुस्तके दुसरा उचलतो, तिसरा त्यास टिपणे वाचून दाखवितो. पारण्याच्या सकाळी आई गावाहून वेळेवर पोहोचू शकली नाही, तर खोलीतील मित्रच मुगाच्या पाण्याची पहिली वाटी त्याच्या ओठांशी नेतात. संवत्सरीच्या संध्याकाळी वर्षभर ज्याच्याशी पंख्यावरून, उजेडावरून, उसन्या पैशांवरून भांडण झाले, त्याच्यापुढे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणावे लागते. दिगंबर मुले दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी हेच करतात. नवागतास वाकविण्याच्या चालीहून ही रीत अगदी उलट आहे, कारण येथे ज्येष्ठही कनिष्ठापुढे वाकतो. ती मनापासून पाळली जाते तेथे रॅगिंगला थारा मिळणे अवघड. केवळ शब्दांपुरती उरली, तर मात्र तिचा उपयोग नाही.

व्यापारी कुटुंबांस विशेष जवळची वाटावी अशी आणखी एक रीत या वसतिगृहांनी घातली, ती कर्जरूप शिष्यवृत्तीची. गरजू विद्यार्थ्याच्या हाती दान न ठेवता त्याचा खर्च कर्ज म्हणून मांडावयाचा, आणि तो कमावता झाला की त्याने सवडीने फेडावयाचा. यात घेणाऱ्याचा मान राहतो. फेडलेला पैसा संस्थेच्या तिजोरीत पडून न राहता पुढच्या मुलाच्या ताटात जातो, म्हणून हे कर्ज फिटूनही संपत नाही. साधर्मिक वात्सल्याची याहून व्यवहारी आणि सुंदर योजना क्वचितच सापडेल. त्याचबरोबर हेही खरे की, ज्यांची खाती अजून खुली आहेत असे यशस्वी गृहस्थ समाजात आहेत, आणि त्यांच्या विस्मरणाचा भार कोणा अनोळखी मुलावर पडतो.

कोल्हापूरचा एक दिवस

अंधेरीला येणाऱ्या रात्रीच्या बसचा एक आरंभबिंदू कोल्हापूर आहे, आणि कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून तेथे निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे निघावीत म्हणून जागा व अर्थसाहाय्य दिले. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी ती एकामागून एक उभी राहिली. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले.

त्या काळी तेथील दिगंबर जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक धिप्पाड, मनस्वी मुलगा राहत होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. चरित्रकार सांगतात की, मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास तो जाऊन आला. परतल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याविना पंगतीस बसू नये, असे त्यास बजावण्यात आले. त्याने ते मानले नाही आणि त्यास बोर्डिंग सोडावे लागले. तेव्हा बोर्डिंगची व्यवस्था पाहणारे अण्णासाहेब लठ्ठे (1878-1950) हे स्वतः सुधारक विचारांचे, पुढे शाहू महाराजांचे चरित्र लिहिणारे आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले गृहस्थ. अशा माणसाच्या देखरेखीखालील घरातही त्या काळची रूढी बलवत्तर ठरली. मुलास आसरा दिला तो शाहू महाराजांनी.

त्या मुलाने आकस धरला नाही. जैन बोर्डिंगात त्याने दोन गोष्टी पाहिल्या होत्या: निवारा मिळाला की खेड्यातला मुलगा शिकतो, ही एक; आणि निवाऱ्याचे दार कोणावर तरी बंद असते, ही दुसरी. पहिली त्याने उचलली आणि दुसरी टाकून दिली. 4 ऑक्टोबर 1919 रोजी काले येथे त्याने रयत शिक्षण संस्था स्थापिली. 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. तेथे मुले मिळून स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवीत. पैसा संपला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले. 1927 साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव दिले. कर्मवीर भाऊराव पाटील 1959 साली निवर्तले, तोवर महाराष्ट्रातील बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास बदलून गेला होता.

जैन समाज कर्मवीरांचा अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. परंतु अभिमानाबरोबर ती पंगतही स्मरणात ठेवावी, जिच्यातून ते उठले.

आजचा प्रश्न

जुहू गल्लीत आलेल्या वडिलांपुढे आज दोन वाटा असतात. हाती पैसा आहे. तीन-चार मुलांनी मिळून भाड्याचे घर घ्यावे, जेवणाचा डबा लावावा, बंधन नको, असे मुलगा सुचवितो. वसतिगृहात खोली लहान, दाराची वेळ ठरलेली, धार्मिक वर्गास हजेरी लागते. मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. स्वतःचे घर स्वतः सांभाळणे हेही शिक्षणच आहे. पण भाड्याच्या घरात मुलगा आपणासारख्यांनाच निवडतो. वसतिगृहात त्यास न निवडलेला सोबती मिळतो: एखादा इचलकरंजीच्या सूत व्यापाऱ्याचा मुलगा, एखादा खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा, एखादा वडील नसलेला, कर्जरूप शिष्यवृत्तीवर शिकणारा. सधन घरातील मुलास उसने ताट वाढून ठेवणारा पुष्कळदा हा तिसरा असतो. ही ओळख पैशाने विकत मिळत नाही.

विश्वस्तांपुढेही एक प्रश्न आहे. ही वसतिगृहे पंथांच्या दानांतून उभी राहिली, म्हणून त्यांचे नियमही पंथांच्या मर्यादेत बसविलेले होते. आहाराचा आणि आचाराचा नियम घराचा नियम म्हणून टिकावा, यात वाद नाही. मात्र तो नियम आनंदाने पाळावयास तयार असलेला, दुसऱ्या पंथाचा किंवा दुसऱ्या समाजाचा गरजू विद्यार्थी दारात उभा राहिला, तर काय करावे? जीवांनी परस्परांस साहाय्यभूत व्हावे, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. त्यात पंथाची अट घातलेली नाही. गोखले पुलाचा सांधा जुळविण्यासाठी जुना पूल पाडला नाही, थोडा उचलला. जुन्या घरांनाही तेवढेच करता येईल.

संध्याकाळी वडील परतीच्या बससाठी पुन्हा महामार्गावर येतात. दुकानातून दोन फोन येऊन गेलेले असतात. मुलगा त्यांच्या सोबत आलेला नसतो, कारण सूर्यास्तास थोडाच अवधी उरलेला असतो आणि नव्या सोबत्याने त्यास पंगतीस बोलावून नेलेले असते. पोहोचल्यावर कळवा, एवढेच त्याने घाईत म्हटलेले असते. बस सुटते तेव्हा पाऊस थांबलेला असतो. इकडे जुहू गल्लीत, ओळीने मांडलेल्या ताटांपुढे, कोणी त्यास विचारीत असते, ‘तू कुठला रे?’